चाचींच्या पथ्याची कार्डं

बिल करताना दुकानदारानं मोबाइल नंबर विचारला की आमचं आख्खं नारपोली मुकाट सांगतं. इस्माईलचाचा विचारतात, "कशाला? सोयरीक जुळवायची हाय?"

चाचा माझे शेजारी. त्यांचा जन्म पावरलूमच्या कारखान्यात गेला. नक्षी लूमला कळावी म्हणून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, हे त्यांचं काम. लूम कॉम्प्युटरवर गेले, चाचा घरी आले, भोकं पाडायचा पंच घेऊन आले.

गेल्या वर्षी चाचींची किडनी कुरकुरायला लागली आणि भलंमोठं पथ्य आलं. मी मानकोलीच्या गोदामात दिवसभर स्कॅनर फिरवणारा माणूस, मला वाटलं आपण हुशार. चाचांच्या फोनवर पथ्याचं ॲप टाकलं, चाचींचं नाव, वय, आजार सगळं भरलं. दोनच दिवसांत एका बाईचा गोड आवाजात फोन, "डायलिसिसचं पॅकेज घेणार का?"

नशीब, फोन चाचांनी उचलला. डॉक्टरांनी तो शब्द फक्त त्यांना सांगितला होता, तोही 'कदाचित' लावून. चाचींची थोरली बहीण त्याच आजारात गेली. हिच्या कानावर तो शब्द पडला तर ही हाय खाईल, ही चाचांची धास्ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिनाभर चाचांनी मला 'ॲपवाले' म्हणून हाक मारली आणि मग पंच काढून पथ्याचीच कार्डं पाडली. एका पदार्थाला एक ओळ. भोक असलं तर खायचं, नसलं तर न्हाय. शेवटच्या कार्डांवर डॉक्टरांचं म्हणणं, त्या शब्दासकट, कापडाच्या काठात मालकाचं नाव विणायला पाडतात तशा भोकांत.

"ना नेट, ना चार्जिंग. वाचणारा दुनियेत एकच माणूस, मी," चाचा सांगायचे. आतून चाची म्हणायच्या, "हो का."

परवा अंबाडीला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही तिघं जेवायला बसलो आणि चाचांनी खिसे चाचपले. कार्डं घरीच राहिली होती. माणूस घामाघूम झाला.

चाचींनी ताट जवळ ओढलं. "टमाट्याचं सालन सातवी ओळ, भोक न्हाय. भाताला हाय."

"तुला वाचता येतं?"

"वीस वर्षं तुमची कार्डं दोऱ्यात कोणी ओवली? शेजारणीनं?"

कारखान्याची कार्डं ओवायला घरी यायची, हे मलासुद्धा आठवत होतं. चाचा तेवढे विसरले होते.

"शेवटची पण वाचलीस?" चाचांनी विचारलं.

"ती आधी वाचली. चार दिवस घास उतरला न्हाय. मग बघितलं, त्याच्याखाली एक ओळ वाढतेय. मी हसले त्या दिवशी भोक पडतं. बरोबर?"

चाचांनी मान डोलावली. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, इतक्यात गरज न्हाय. पण सहा महिने एकट्यानं लई घाबरलो गं."

चाचींनी त्यांच्या ताटात भात वाढला. "आता निम्मं घाबरणं माझ्याकडं द्या."