पास्कू मास्तरांची उभी माणसं

पास्कू मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. स्वभावाने लाजाळू होते म्हणावं तर तसंही नव्हतं. चारचौघांत खणखणीत बोलत. पण तोंड बघण्यात त्यांना काही राम वाटत नसे. तुम्ही बोलत असाल तर ते तुमच्या गुडघ्यांकडे बघत, खांद्यांकडे बघत आणि मधेच उठून तुमच्या पाठीमागे जाऊन उभे राहत. माझी बदली वटारजवळच्या शाळेत झाली, त्या दिवशी मी हजर होण्याचा कागद घेऊन हेडमास्तरांपुढे उभा होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "डावा खांदा पडलाय. लहानपणी ह्या खांद्यावर कुणाचातरी हात असायचा."

मी दचकून वळलो. माझी एक आत्या आंधळी होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती गावभर फिरायची. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती. मागे एक उंच, काळासावळा, खाकी अर्धी चड्डी घातलेला माणूस माझ्या टाचांकडे बघत उभा होता. हेडमास्तर म्हणाले, "हे आमचे चित्रकलेचे पास्कू मास्तर. मनावर घेऊ नका." मी चांगलंच मनावर घेतलं. पुढे कितीतरी दिवस शाळेत भिंतीला पाठ लावूनच बसत होतो.

मी गणिताचा मास्तर. चित्रकला म्हणजे एक आंबा, एक फुलदाणी आणि वर्षाअखेर मिळणारा शेरा, एवढीच माझी समजूत. तेव्हा स्वराज्य नवं होतं आणि नुसती पुस्तकं नकोत, मुलांच्या हाताला गावाच्या उपयोगाचं काहीतरी काम शिकवा, असा हुकूम वरून आला होता. बहुतेक शाळांनी टकळ्या आणल्या. आमच्या हेडमास्तरांनीही पेटीभर आणल्या. पास्कू मास्तरांनी एक टकळी बोटांत फिरवून बघितली आणि परत पेटीत ठेवली. म्हणाले, ह्या गावात सूत कोण मागतो? गावाचं दुखणं वेगळं आहे. राजेळी केळी सोलून सुकेळ्यांसाठी उन्हात मांडली की कावळे अर्धी नेतात, पेरूवर पोपट बसतात. तेव्हा आपली शाळा बुजगावणी शिकवील. हेडमास्तर त्या दिवशी दाढदुखीने बेजार होते. हो म्हणून गेले आणि जन्मभर पस्तावले.

कारण मास्तरांचं बुजगावणं म्हणजे काठीवर उपडं घातलेलं मडकं नव्हतं. त्यांची सुरुवातच वेगळी. मुलांना ते बाजारात, विहिरीवर, रविवारी चर्चच्या, म्हणजे तिथल्या बोलीत देवळाच्या, पायऱ्यांपाशी नेऊन सोडत आणि म्हणत, "तोंड कोणीही ओळखील. उभा कसा राहतो ते सांग." हे त्यांचं पालुपद. मुलं माणसांच्या पाठी लागत. कोण एका पायावर भार देतो, कोण मान तिरकी करून ऐकतो, कोण कमरेला मागून हात लावतो, हे बघून येत आणि वर्गात तसंच उभं राहून दाखवत. एकदा मी वर्गात शिरलो तर अख्खी पाचवी हेडमास्तरांसारखी उभी. पोट पुढे, हात मागे, हनुवटी आभाळात. फळ्यासमोर खरे हेडमास्तरही उभे होते आणि आपल्याला नेमकं काय चुकल्यासारखं वाटतंय, ते त्यांना कळत नव्हतं.

मग बांबू, पेंढा आणि केळीच्या खोडाचं सोपट घेऊन मुलं ती माणसं बांधायची. कपडे ज्याचे त्याचेच, जुने मागून आणलेले. तोंडाच्या जागी कोरं गोणपाट. नाक नाही, डोळे नाहीत. मी विचारलं, निदान दोन टिकल्या तरी काढा की कोळशाने. मास्तर म्हणाले, पाखराला तोंड दिसत नाही, पाखरू लांबून येतं. ते पाखरांचं मला ठाऊक नाही. पण त्या तोंड नसलेल्या माणसांना गावातलं लहान पोरही लांबून नावाने हाक मारायचं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मीही फसलो. एका संध्याकाळी वाडीतून घरी चाललो होतो तर केळींच्या आड हेडमास्तर पाठमोरे उभे दिसले. मेव्हणीच्या लग्नाला रजा हवी होती आणि माणूस एकटा सापडला होता. मी जरा अंतर राखून सगळी हकिगत सांगितली. लग्न सातारला, गाडी सकाळची, वर्ग अमक्याकडे दिलाय. ते गप्प. हेडमास्तर गप्प राहिले म्हणजे रजा मंजूर, असा माझा अनुभव. आभार मानून निघालो, लग्न जेवून आलो, तर बिनपरवानगी गैरहजर म्हणून माझ्याकडे खुलासा मागितलेला. तरी मी म्हणत होतो, त्या संध्याकाळी साहेबांचा सदरा वाऱ्याने इतका आत कसा काय दबत होता.

हसण्यावारी नेलं खरं, पण त्यानंतर मी तिन्हीसांजेला ती वाट सोडली. समुद्राकडून वारा आला की ती माणसं जागच्या जागी किंचित हलायची. वाट बघून कंटाळलेला माणूस पाय बदलतो ना, तसं. आपण पुढे गेलो की मागे कुणीतरी वळून बघतंय असं वाटायचं. बघायला डोळेच नाहीत, हे माहीत असून वाटायचं.

मास्तर एकटे राहत. बायको कधीच गेलेली. एकदा त्यांच्या घरी गेलो तर ओट्यावर बांबूचा एक सांगाडा उभा. आडवी काठी, उभी काठी, बस. शेजारी खुंटीला एक पांढरा सदरा आणि विटकी चड्डी, धुऊन घडी मोडलेली. मी सहज विचारलं, हा कोण?

"इनास," ते म्हणाले. "माझा मुलगा. ह्याचं अजून जमलं नाही."

इनास लढाईच्या दिवसांत मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. बोट परत आली नाही. कुठे बुडाली, कशी बुडाली, काही कळलं नाही. आत देव्हाऱ्यात क्रुसाजवळ त्याचा फोटो होता, निघण्याआधी काढलेला, छातीपर्यंतचा. हसरा, भुवया जाड. मास्तर फोटोकडे न बघता म्हणाले, "तोंड पाठ आहे हो. झोपेतून उठवा, काढून देतो. पण तो उभा कसा राहायचा, ते मला आठवत नाही. एकुलता एक पोरगा. मी चित्रकार, आणि नुसता तोंड बघत राहिलो."

दर रविवारी देवळातून आले की ते पेंढा घेऊन बसत. सदरा चढवत, लांब अंगणाच्या टोकाला जाऊन बघत आणि परत येऊन सगळं सोडून टाकत. कधी खांदे दुसऱ्याचे व्हायचे, कधी पाय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून झालं होतं. सगळे म्हणत, हसायचा छान. मला त्या दिवसानंतर त्यांचं आपल्या पाठीमागे येऊन उभं राहणं खटकेनासं झालं. उलट वाईट वाटायचं.

पुढच्या वर्षी बस्त्याव वारला आणि सगळंच अंगाशी आलं.

बस्त्याव म्हणजे शाळेमागचा वाडीवाला. मुलांनी त्याचं बुजगावणं आधीच बांधून त्याच्याच केळीत उभं केलेलं. दोन्ही हात कमरेवर, मान जरा खाली. बस्त्याव होता तोवर बैलाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याचा रहाटाचा बैल असा की बस्त्याव समोर येऊन उभा राहिला की थांबायचा, नाहीतर चालत राहायचा. माती झाली, आठवडा गेला, बायको मर्याबायने बैल रहाटाला जुंपला. बैल निघाला, वळणावर बुजगावणं दिसलं आणि उभा राहिला. ओढलं, चुचकारलं, काठीही बसली. चार पावलं जायचा, पुढच्या फेऱ्याला पुन्हा तिथेच. केळी सुकायला लागली. मर्याबाय शाळेत आली आणि दाराशी उभी राहून म्हणाली, "मास्तर, तो थांब सांगते, बैल ऐकते. मी चल सांगते, माझं ऐकत नाय. पानी कवा काढू?"

हे गावभर झालं. मग कुणाला आपलं बुजगावणं रात्री जागा बदलताना दिसलं, कुणाला खोकताना ऐकू आलं. लोक हेडमास्तरांकडे आले. हेडमास्तर तर निमित्तच शोधत होते. त्यांनी वर्ग बंद केला आणि सगळं शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांच्या कानावर घातलं.

पास्कू मास्तरांनी बस्त्यावला स्वतः उतरवलं. खांद्यावर घेऊन भर दुपारी गावातून चालत शाळेत आणलं. मी बरोबर होतो. रस्त्यातली माणसं बाजूला झाली, टोप्या निघाल्या, दोन म्हाताऱ्यांनी क्रुसाची खूण केली. मागे पावलं वाजत होती म्हणून मी वळून पाहिलं. बैल येत होता. दावं तोडून आलेला, घाई नाही, गडबड नाही, मास्तरांच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या त्या हातापासून एक पाऊल मागे. शाळेच्या आवारात मास्तरांनी एकेक गाठ हाताने सोडली, कुठेच कोयता लावला नाही. पेंढा बैलापुढे टाकला. बैलाने तो हुंगला आणि खाल्ला नाही. सदरा धुऊन मास्तरांनी दुसऱ्या दिवशी मर्याबायला नेऊन दिला. रहाट चालू झाला.

डिपोटी साहेब आले ते वर्गाला कायमचं कुलूप लावायच्या तयारीने. वाडीत उरलेल्या दोन-तीन बुजगावण्यांभोवती ते एकेक फेरी मारून आले. मास्तर सवयीने त्यांच्या पाठीमागे गेले. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब, उजवा पाय जपा. मोडला तेव्हा नीट बसवलेला नाही."

साहेब लहानपणी चिंचेवरून पडले होते. घरी ओरडा बसेल म्हणून त्यांनी ते लपवलं होतं. आमच्या शाळेत येऊन हे ऐकावं लागेल अशी त्यांची कल्पना नसणार. त्यांनी मास्तरांना इतकंच विचारलं की असं बघायला दुसऱ्या शिक्षकांना शिकवता येईल का. येईल म्हणाले. अट एकच घातली साहेबांनी, मेलेल्या माणसाचं बुजगावणं वाडीत उभं करायचं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आसपासच्या गावांतले शिक्षक आमच्या शाळेत गोळा झाले आणि मला, गणिताच्या माणसाला, त्यात बसवण्यात आलं. रजेच्या प्रकरणाचा तो सूड होता असा मला अजून संशय आहे.

मास्तरांनी काम दिलं की आपल्या ओळखीचं एक माणूस उभं करा, पण गावातलं नको, आठवणीतलं करा. मी माझा मामा केला. मास्तर मागे आले, बघितलं आणि म्हणाले, हा उभा नाही, टांगलाय. बाकीच्यांचीही तीच गत. कुणी आजोबा केले ते जमिनीवर बसले, कुणी हवालदार केला तो ओणवा झाला.

आगाशीच्या बाजूच्या शाळेतून रेमेतबाई म्हणून एक शिक्षिका आल्या होत्या. मूळच्या ह्याच गावच्या, ह्याच शाळेत शिकलेल्या. फारसं बोलत नसत. त्यांनी सगळ्यांपासून लांब, व्हरांड्याच्या शेवटच्या खांबाशी आपलं काम मांडलं होतं. कुणाचे कपडे आणले नव्हते, एक जुनी चादर फाडून सदरा केलेला. त्यांच्या माणसाला खांब लागला. एक हात खांबाला, एक पाय जमिनीवर आणि दुसरं पाऊल उचलून त्या पायाच्या गुडघ्याला टेकवलेलं, बगळा उभा राहतो तसं.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे आपापली माणसं आवारात मांडून उभे होतो. ऊन रणरणत होतं. वारा पडला होता. वीस-एक बिनतोंडाची माणसं आणि तेवढेच आम्ही. मास्तर एकेकाच्या पाठीमागून बघत चालले होते. पडलाय. बसलाय. बरा आहे. व्हरांड्याशी आले आणि थांबले.

मी जवळच होतो. मला आधी वाटलं, ऊन लागलं. त्यांचा हात छातीशी गेला होता. मग ते बोलले, अगदी रोजच्या, वैतागलेल्या आवाजात.

"इनास, पाय खाली ठेव. किती वेळा सांगायचं."

त्या क्षणी मीही त्या पायाकडे बघितलं, तो खाली येईल म्हणून.

रेमेतबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे न वळताच विचारलं, तुम्हाला कसं ठाऊक. बाई म्हणाल्या, "मी त्याच्या मागनं शाळेत यायची ना. रोज. पुढे जाऊन बघायची हिंमत नव्हती, मास्तर." मग शाळेच्या फाटकाकडे बघून म्हणाल्या, "फाटकाशी थांबला की असाच उभा राहायचा. मग मीपन थांबायची."

त्यांनी लग्न केलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

मास्तर हळूहळू वळसा घालून त्या माणसाच्या समोर गेले. आम्ही कुणीच त्यांना कधी कुणाच्या समोर गेलेलं पाहिलं नव्हतं. कोऱ्या गोणपाटाकडे ते बघत राहिले. काय दिसत होतं त्यांना ते मी सांगू शकत नाही, पण ते हसले, आणि फोटोतल्या जाड भुवया कुणाच्या होत्या ते मला कळलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि गुडघ्याला टेकवलेल्या पावलाची सुटत आलेली गाठ घट्ट केली.

मी डोळे पुसले असतील. उन्हाने येतं पाणी. तर मास्तर माझ्यापुढे येऊन उभे. माझ्या खांद्याकडे नाही, टाचांकडे नाही, सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं एका शाळेत काढली आम्ही.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचे डोळे घारे आहेत की."