नववीचे वर्गीं डबा टांगिला त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण साक्षी. स्वामींनीं पुसिलें कीं नववीचे वर्गीं वाळूचा डबा टांगून जें रण माजलें तें कैसें माजलें आणि शेवट काय जाहला, तो मजकूर जैसा घडला तैसा लिहून सेवेसी सादर केला आहे.

शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, डोंगरपायथ्याचे एका विद्यासंस्थानावर मुख्याध्यापक श्रीपतराव वाघमोडे राज्य करीत होते. पुरुष मोठे शिस्तीचे, मनाचे सरळ, परंतु दहावीचा निकाल हा त्यांचा किल्ला आणि गाईड हें त्यांचें हत्यार; याविना तिसरी गोष्ट ते जाणत नसत. त्यांचे राज्यीं सुनंदाबाई गोडघाटे म्हणून विज्ञानाच्या शिक्षिका नव्या रुजू जाहल्या आणि नववीची फौज त्यांचे हवालीं करण्यांत आली. बाई वर्गावर गेल्या तों काय पाहतात, फौज हारीनें बसली आहे, डोळे उघडे आहेत आणि सर्व निद्रिस्त आहेत. बाईंनीं पुसिलें, ऊर्जा म्हणजे काय? तेव्हां सर्वांनीं एका सुरांत व्याख्या म्हटली. मग तिचा अर्थ पुसतां सर्वांनीं खालीं पाहिलें. तें बाईंचे जिव्हारीं लागलें, आणि यांस जागें केल्याविना राहणें नाहीं ऐसा निश्चय त्यांनीं केला. मग त्यांनीं घरची हळद आणून पाण्यांत कालविली आणि त्यांत साबणाचें पाणी ओतलें, तों पिवळें पाणी लालभडक जाहलें आणि मागल्या बाकावरील शिलेदार मान उंच करून पाहूं लागले. परंतु त्या गर्दींत एकाचे पांढरे सदऱ्यावर शिंतोडे उडाले, आणि दुसरे दिवशीं त्याचे वडील सदरा घेऊनच दरबारीं दाखल जाहले. म्हणाले, "साहेब, पोराला शिकायला पाठवलंय का रंगपंचमी खेळायला?"

श्रीपतरावांस कोप आला. त्यांनीं बाईंस बोलावून आणिलें आणि हुकूम केला, "बाई, खेळ पुरे झाले. सोमवारपासून गाईड लिहून द्यायचं. आणि प्रयोगशाळेत मोडकी बाकं ठेवायची आहेत, शनिवारी खोली रिकामी करा."

बाईंनीं ऐकून घेतलें आणि इतकेंच पुसिलें, "शनिवारपर्यंत खोली माझी ना, सर?"

"शनिवारपर्यंत तुमची."

मग बाईंनीं तेलाचा रिकामा डबा पैदा केला, त्यांत वाळू ठासून भरली, तोंड पक्कें बंद केलें, आणि जाड दोरानें तो प्रयोगशाळेचे तुळईस टांगिला, आणि दोरास स्वतः लोंबकळून त्याची मजबुती पाहून घेतली. मधली सुट्टी होती, खोलींत कोणी नव्हतें. बाई भिंतीस डोकें टेकून उभ्या राहिल्या, डबा हनुवटीस लाविला आणि सोडिला. डबा पलीकडे गेला आणि परत येऊं लागला, तेव्हां विद्यापीठाची पदवी असतांही बाईंनीं डोळे मिटले. गालास वारा लागला, आणि डबा बोटभर अंतर राखून माघारीं फिरला. बाई आपल्याशींच हंसल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, या खेपेस डोळे उघडे ठेविले.

तास सुरू होतांच बाईंनीं फौज प्रयोगशाळेंत आणिली आणि पुसिलें कीं हा डबा हनुवटीपासून नुसता सोडिला तर परतीस कोठवर येईल? कोणी म्हणाला दांत पडतील, कोणी म्हणाला नाक जाईल, आणि वर्गांत दोन पक्ष होऊन मोठा वाद माजला. तेव्हां शेवटचे बाकावरून नसीम तांबोळी उठली. व्याख्येपलीकडे तिचा शब्द आजवर कोणी ऐकिला नव्हता. ती म्हणाली, "बाई, जेवढा वर उचलला त्याच्या वर तो जाईल कशाच्या जोरावर?"

बाईंस ऐसें जाहलें कीं आतां खोली गेली तरी चिंता नाहीं. परंतु तोंडावर कांहीं न दाखवितां म्हणाल्या, "मग उभी राहा."

नसीम भिंतीस डोकें टेकून उभी राहिली, डबा सोडिला, आणि तो परत येतांना पाहून मटकन् खालीं बसली. मग उठून म्हणाली, "उत्तर बरोबर आहे बाई, पण पाय ऐकत नाहीत."

"पायांना पटायला वेळ लागतो. पुन्हा सोड. ढकलायचा मात्र नाही."

पुन्हा सोडिला, आणि पोर जागची हालली नाहीं. तेव्हां फौजेनें ऐसी गर्जना केली कीं ती कचेरींत ऐकूं गेली, आणि श्रीपतराव छडी घेऊन तडक चालून आले. म्हणाले, "काय चाललंय? कोणाचं डोकं फुटलं म्हणजे?"

नसीम म्हणाली, "ढकलला तर फुटेल, सर. नुसता सोडला तर नाही."

"हे गाईडात आहे का?"

बाईंची नोकरी नवी होती. परंतु पाऊल मागें घेतलें नाहीं. म्हणाल्या, "आहे सर. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम. यांना पाठ आहे, तुम्हालाही पाठ आहे. एकदा उभे राहून बघा."

श्रीपतरावांनीं बाईंकडे पाहिलें, फौजेकडे पाहिलें; आतां माघार घेणें शोभेना. मग छडी टेबलावर ठेविली, चष्मा काढिला, भिंतीस डोकें टेकिलें आणि डबा सोडिला. डबा परत येऊं लागला तों साहेब धप्पकन् खालीं बसले. कोणी हंसलें नाहीं. नसीम पुढें होऊन म्हणाली, "सर, पहिल्यांदा मी पण बसले."

तेव्हां श्रीपतराव गुडघे झटकून उठले, पुन्हा भिंतीस टेकले आणि डबा सोडिला. डबा गेला, आला, मिशीस वारा घालून परत गेला. साहेब ताठ उभे होते. मग त्यांनीं दोराकडे पाहत पुसिलें, "सोडला तिथपर्यंत येत नाही, जरा आधीच थांबतो. का?"

बाई उत्तर देणार, तों त्यांनीं हात वर केला. "तुम्ही नाही. यांच्यातला कोणीतरी सांगू दे."

तेव्हां निम्मे वर्गाचे हात वर गेले. कोणी वाऱ्याचें नांव घेतलें, कोणी दोराचें घर्षण म्हणाला, आणि तास संपल्याची घंटा जाहली ती कोणासच कळली नाहीं, साहेबांसही नाहीं.

येणेंप्रमाणें नववीचे वर्गीं रण जाहलें. प्रयोगशाळा बाईंकडे कायम राहिली, मोडकीं बाकें व्हरांड्यांत ठेवण्याचा हुकूम सुटला, आणि उभय पक्षीं सर्वांचीं नाकें शाबूत राहिलीं. कळावें, हे विनंती.