सौदे पुकारणारे गजाबापू

गजाबापू माझ्या कानात कुजबुजले, की गल्लीच्या टोकाचा शिंपी मशीन थांबवून विचारायचा, "काय म्हणालात?"

अतिशयोक्ती नाही. समोरच्या मुलीचं लग्न जमतंय, ही बातमी त्यांनी एकदा मला अंगणात 'कुणाला सांगू नगं' अशा बोलीवर सांगितली. लगेच समोरच्या गच्चीवरून मुलीची आई ओरडली, "अहो बापू, अजून पक्कं नाही हो!"

सांगलीच्या हळद बाजारात बापूंनी उभी हयात सौदे पुकारले. 'बोला, बोला! माणसाकडं नगं, मालाकडं बघा!' ही त्यांची आरोळी. घरात मीठ मागायचं असलं तरी पट्टी तीच. बापूंच्या लेकीनं वडूजहून मोबाइल पाठवला, तेव्हा त्यांच्या बायको, आमच्या शेजारच्या काकू, म्हणाल्या, "ह्यास्नी फोन कशाला? खिडकी उघडली तरी वडूजला ऐकू जातंय."

असा माणूस काम सुटल्यावर रमला कुठं, तर कर्णबधिर मुलांच्या वसतिगृहात. बाजारातल्या कुणीतरी गुळाच्या ढेपा दान दिल्या होत्या, त्या पोचवायला बापू गेले. ढेप उतरवताना सवयीनं ओरडले, "सरका रं!" एकही पोर सरकलं नाही. एका मुलीनं मात्र त्यांच्या पाठीला तळहात लावला आणि दचकून हसायला लागली. आवाज तिच्या हाताला लागला होता. मग सगळीच पोरं रांग लावून बापूंच्या पाठीला हात लावायला आली.

"आजवर लोकांनी कानावर हात ठिवलं," बापू मला म्हणाले, "ही पोरं पाठीवर ठेवत्यात गड्या!" मी बाईमाणूस असले तरी आनंदात ते मला गड्याच म्हणत.

त्या मुलीचं नाव रेश्मा. शिराळ्याकडची, शाळा संपवून शिवण शिकत होती. तिच्यासारख्या मोठ्या मुलामुलींना बापू दर रविवारी बाहेर काढू लागले. बँकेत खातं कसं उघडायचं, मालक हातावर कमी मजुरी टेकवायला लागला तर मान कशी हलवायची, सगळं शिकवायचे. आणि शिकवायचे ते बोलून! रेश्मानं त्यांना खुणा शिकवायचा चंग बांधला, पण बापूंचे हात पोती दाबून जाड झालेले. एकदा त्यांनी खुणेनं तिच्याकडं चहा मागितला, तर तिनं बराच वेळ हसून समोरच्या म्हशीकडं बोट दाखवलं.

"मला कशाला ते हातवारं?" बापू म्हणायचे. "आवाज हाय की माझ्याकडं."

मुलींना शिलाई मशिनं हवी होती. बापूंनी आवाज कामाला लावला. गणपतीच्या मंडपात नारळ, लग्नात नवऱ्याच्या गळ्यातला हार, आमच्या परसातला भोपळा, दिसेल त्याचा लिलाव. माझ्या नवऱ्याचं हेल्मेट त्यांनी त्याच्या डोक्यावर असतानाच विकलं, आणि नवऱ्यालाच ते जास्त बोली लावून सोडवावं लागलं.

मग आवाज बसला. बापू हळदीच्या धुळीवर खापर फोडत राहिले. काकूंनी हट्टानं मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशननंतर मी काकूंना विचारलं, आत नेताना बापू काय बोलले?

"चष्मा संबाळ म्हणालं." काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "मी बी व्हय म्हणाले. दुसरं कायतरी बोलायला पायजे व्हतं गं. पर दोघांस्नी बी सुचलं न्हाई."

बापू घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर मलमलीचा रुमाल घेऊन. बाजारातले मित्र भेटायला आले आणि त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. बापूंना ऐकू येतं, हे कुणाच्या ध्यानातच येईना. हळूहळू येणं कमी झालं. लेकीनं पाटी आणून दिली, पण काकूंना वाचता येत नाही. बापू लिहायचे, काकू पाटीकडं आणि मग त्यांच्याकडं बघत राहायच्या. एके दिवशी बापूंनी पाटी अंगणात भिरकावली. तिचे तुकडे मी आणि काकूंनी वेचले. भिंतीपलीकडून एवढी वर्षं ज्या आवाजाला मी कंटाळले होते, तो नसल्यानं माझंच घर मला खायला उठलं.

वसतिगृहाचं नाव काढणंही त्यांनी सोडलं. रेश्मा सिटी बसनं भेटायला आली, तर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. बापू वळेनात. शेवटी ती उठली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. काकूंच्या समोर मिठाचा डबा धरला आणि हातानं एक खूण केली. मग पाणी. मग चहा.

मी तिथंच होते. काकू घाबरत, लाजत खुणा करत होत्या. पाण्याची खूण चहाला, चहाची भाकरीला. कपाळाला पीठ लागलं होतं. मी दाराकडं बघितलं, तर बापू उभे. खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते, आवाजाशिवाय. मग पुढं झाले आणि रेश्मासमोर आपले ते जाड हात धरले.

शिकायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. आता दोघं मिळून मशिनांसाठी पैसे गोळा करतात. बाजारात बापू भोपळा उचलून धरतात, रेश्मा लोकांच्या डोळ्यांत बघत उभी राहते. बोलता दोघांनाही येत नाही, त्यामुळे लोकांना नाही म्हणणं लय अवघड जातं, असं काकू सांगतात.

परवा काकूंबरोबर शेवया वाळत घालताना मी सहज विचारलं, "काकू, तुमच्याकडं रात्रभर लाइट चालू असतो. बंद करायला विसरता काय?"

"इसरतीय कुठली," काकू म्हणाल्या. शेवयांवरची माशी त्यांनी हळूच हाकलली. "निजल्यावर बी दोन शब्द बोलायचं असत्यात की गं. अंधारात ह्यांचं हात दिसत न्हाईत."