सोनकांबळे सिस्टरांचा ग्रह

सोनकांबळे सिस्टरांच्या घरात पाऊल टाकलं की "या, बसा" ऐकू येत नाही. आधी आकडा ऐकू येतो.

"तीन सेकंद," सिस्टर भिंतीकडं बघत म्हणतात. "रोज दोनात जाता. गुडघा दुखून राहिला का?"

गुडघा खरंच दुखत असतो, आणि मी ते घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नसतं.

नांदेडात आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर माझा टायपिंगचा क्लास आहे आणि खाली सिस्टर एकट्या राहतात. त्यांची गल्लीकडची लाकडी खिडकी कायम बंद. तिच्या फळीला सुपारीएवढं एक भोक आहे. दुपारी त्यातून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर त्याचा एक गोल ठिपका पडतो. गल्लीतून कोणी गेलं की ठिपका विझतो आणि परत पेटतो. सिस्टर वहीत वेळ मांडतात. दूधवाला एक सेकंद. पाटलीण बाई चार, कारण त्या प्रत्येक दारात डोकावत जातात. पहिल्यांदा ती वही बघितली तेव्हा मी आठ दिवस मागच्या बोळातून क्लासला गेलो. आपण चाललोय आणि एका अंधाऱ्या खोलीत कोणीतरी आपल्याला मोजतंय, ही कल्पना भर उन्हातसुद्धा बरी वाटत नाही.

सिस्टर म्हणतात सगळे, पण त्या नर्स नव्हत्या. जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात तीस वर्षं त्यांनी ईसीजी काढला. निवृत्त झाल्यावर दोन महिने त्या पापड करत बसल्या, मग एक दिवस वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडं आल्या. अवकाशातली एक दुर्बीण हजारो ताऱ्यांचा उजेड मोजते, ते आलेख कोणीही घरबसल्या तपासू शकतं, असं त्यात होतं. खाली नमुन्याचा एक आलेख छापला होता.

"सर, हे तर माझंच काम हाय," सिस्टर म्हणाल्या.

मी क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत नेऊन जोडून दिला. इंग्रजी त्यांना बेताचंच येतं, म्हणून नाव नोंदवणं, पत्रं लिहिणं माझ्याकडं आलं. तेव्हापासून सिस्टर दुपारी बारा ते पाच तारे तपासतात. रात्री आठला झोपतात. एकदा मी म्हणालो, "सिस्टर, गच्चीवर चला, खरे तारे दाखवतो."

"कशाला? डोळ्याला काय कळतं त्यातलं? नुसतं चमकून राहतंय."

काम तसं सोपं, असं त्या सांगतात. तारा लांब असतो, त्याच्याभोवतीचा ग्रह दिसत नाही. पण ग्रह ताऱ्याच्या समोरून गेला, तर ताऱ्याचा उजेड केसभर कमी होतो. गुरूएवढा दांडगा ग्रह असला तर शंभरातला एक भाग. आलेखात ठिपक्यांची सरळ ओळ चाललेली असते, ती मध्येच खाली बसते आणि परत वर येते. खड्ड्याचा तळ परातीसारखा सपाट असला तर ग्रह. टोकदार असला तर बहुतेक दुसरा ताराच आडवा आलेला. "ह्याला डिस्चार्ज द्या," म्हणून सिस्टर पुढचा आलेख काढतात. तारे म्हणजे त्यांचे पेशंट. काही ताऱ्यांवर त्या वैतागतात, "लई थरथरतो. ह्याला झोपवून परत काढायला पायजे."

एप्रिलमधली ती दुपार मला नीट आठवते. लाइट होती, पण पंखा चालू असूनही घाम निघत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सिस्टरांनी मला खालून हाक मारली, आणि ती हाक नेहमीची नव्हती. मी आत गेलो तर आकडासुद्धा आला नाही.

"बसा. बोलू नका."

पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती. सिस्टरांनी ती हळूहळू सरकवली. वीस दिवस काही नाही. तारा शांत, इतका शांत की बघवत नव्हतं. मग ओळ खाली बसली. सपाट तळ. चौदा तास. मग परत वर, आणि पुढं पुन्हा काही नाही.

"काहीतरी लई मोठं गेलं," सिस्टर कुजबुजल्या. "आवाज न करता गेलं. एकदाच."

"कधी?"

"उजेड इथं पोचायलाच शेकडो वर्षं लागून राहिली, सर. ते गेलं तेव्हा तुम्ही-मी कुठं होतो?"

मी नजर वळवली आणि मग लक्षात आलं, भिंतीवरचा ठिपका नाही. खोली आणखी काळी झाली होती. कोणीतरी खिडकीसमोर होतं आणि पुढं जात नव्हतं.

सिस्टर घड्याळाकडं बघत होत्या. दहा सेकंद. वीस. बाहेर पावलाचा आवाज नाही, खोकला नाही, काही नाही. मला दार उघडायची इच्छा नव्हती, खरं सांगतो.

"उठा सर," सिस्टर एकदम म्हणाल्या. "हे जाणारं माणूस न्हाई."

खिडकीखालच्या ओट्यावर, पाठ फळीला टेकवून, समोरच्या घड्याळाच्या दुकानातले रहीमचाचा बसले होते. डोळे उघडे, शर्ट ओला, ओठ निळसर. सिस्टरांनी मनगट धरलं.

"घाम गार हाय. रिक्षा आणा. चाचा, माझ्याकडं बघा. झोपायचं न्हाई."

रिक्षात सगळा वेळ त्या चाचांशी बोलत होत्या. कोणतं घड्याळ चांगलं, सेल कुठला टिकतो, असलं काहीतरी. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. चाचा आठ दिवसांनी घरी आले. तेव्हापासून ते रोज दुपारी मुद्दाम खिडकीच्या भोकासमोर येऊन उभे राहतात आणि ओरडतात, "सिस्टर, जिंदा हूँ! लिख लो!"

"लिहिलं," आतून उत्तर येतं. "सहा सेकंद. आता सावलीला जा."

त्या ताऱ्याबद्दल मी शास्त्रज्ञांना पत्र पाठवलं. उत्तर सभ्य होतं. यंत्रं परत परत येणारे खड्डेच शोधतात, एकदाच आलेला खड्डा त्यांच्या हातून सुटतो, म्हणून तुमचं निरीक्षण मोलाचं आहे. पण एकदा दिसलं म्हणजे ग्रह, असं म्हणता येत नाही. तो पुन्हा दिसायला हवा. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"बरोबर हाय त्यांचं," सिस्टर म्हणाल्या. "ईसीजीच्या एका पट्टीवर मी बी कधी डॉक्टरची सही घेतली न्हाई."

दोन उन्हाळे गेले. सिस्टर तो आलेख रोज एकदा उघडून बघायच्या आणि बंद करायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "यायचं असंल तर येईल. आपण जागेवर असलो म्हंजे झालं." मग दुर्बीण आकाशाच्या त्या भागाकडं पुन्हा वळली, नवे आलेख आले, आणि एका दुपारी सिस्टर स्वतः जिना चढून क्लासच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना दम लागला होता.

"आला," एवढंच म्हणाल्या.

तोच सपाट तळ. तेच चौदा तास. पुढं मोठ्या दुर्बिणींनी त्या ताऱ्याचं डुलणं मोजलं, त्यावरून ग्रहाचं वजन काढलं. नुसता वायूचा गोळा, आपल्या गुरूपेक्षा थोडा लहान. चाचांनी पेढे वाटले आणि विचारलं, "उधर उतरने की जगह है क्या?"

"न्हाई चाचा. पाय ठेवला की खालीच जायचं. खाली बी काही न्हाई."

चाचांनी दुसरा पेढा घेतला.

मग एक पत्र आलं ते असं. शोधनिबंधात तुमचं नाव कसं लिहायचं, आणि कोणाचे आभार मानायचे असतील तर कळवा. मी टाइप करायला बसलो.

"प्रभावती सोनकांबळे," सिस्टर म्हणाल्या. "आभारात लिहा, गणपत."

"गणपत कोण?"

सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दवाखान्यात होते तवाचं हाय. लाइट गेलती, मशीन बंद. माझ्या खोलीभायेर बाकड्यावर एक माणूस बसलेला, तोंडावर गमछा. मी चहाला गेले, त्याच्यासमोरून. चहा पिऊन आले, त्याच्यासमोरून. मला वाटलं झोपला असंल. लाइट आली तवा नंबर पुकारला. उठलाच न्हाई." त्या थांबल्या. "दोनदा गेले सर. एकदा जरी थांबून बघितलं असतं."

मी खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"हातात चिठ्ठी होती. गणपत, हदगाव. घरचे आले तवा माझी ड्यूटी संपलती. आडनाव विचारायचं राहून गेलं. नंतर दोनदा हदगावला जाऊन आले. बसस्टँडवर विचारलं, बाजारात विचारलं. तिथं गणपत काय एक हाय?"

मी चिठ्ठीवर होतं तेवढंच टाइप केलं. गणपत, स्वल्पविराम, हदगाव. आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी तिकडून विचारणा आली. आभारातली नावं एका पद्धतीनं लावायची आहेत, तर हदगाव हे त्या गृहस्थांचं आडनाव समजायचं का?

मी सिस्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्याकडून कागद घेतला, इंग्रजीतलं ते नाव अक्षर अक्षर लावून स्वतः वाचलं, बोटानं त्याच्याखाली एक रेघ ओढल्यासारखं केलं.

"हाव म्हणा," त्या म्हणाल्या.