सत्तय्यामामांचा उलटा पंजा

सत्तय्यामामा कुणाला नमस्कार करत नाहीत. समोरच्याच्या मनगटावर उलटा पंजा टेकवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "गरम हाय. पाणी पी."

पहिल्या भेटीत मी हात झटकून घेतला. न विचारता बाईचा हात धरणाऱ्यांविरुद्ध माझंच पत्रक तेव्हा गावभर चिकटलेलं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "धरला कुटं? टेकवला. मोटर बी अशीच बगतो की."

मामा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. यंत्रमाग अडला की तो चालू करणं हे त्यांचं काम. इतक्या वर्षांच्या घट्ट्यांमुळे तळहाताला आता काही कळत नाही, म्हणून उलटा पंजा.

दुपारचे दोन तास माग बंद ठेवा, एवढीच आमच्या कामगार संघटनेची मागणी होती. वर पत्रा, आत पन्नास मोटारी, आणि सोलापूरचा मे महिना! मी पाच पत्रकं काढली. पाचव्यावर मालकांनी माझ्यादेखत शेंगा सोलल्या. म्हणाले, "कामगार तर काही बोलत नाहीत. तुम्हालाच बरं उकडतं!"

मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या एक मॅडम पट्ट्या घेऊन आल्या. रबरासारखी मऊ पट्टी, मनगटाला चिकटवायची. अंगाचं तापमान आणि नाडी मोबाईलवर कळवते. सेल नाही, चार्जिंग नाही. अंगाच्या उबेवर चालते, आणि चालू असली की कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा लागतो. सकाळी सगळ्यांचे दिवे लागले. दुपारी बाराला एकजात विझले.

मॅडम रडवेल्या झाल्या. मी तर पेटलेच. गरिबांच्या अंगावर बिघडलेली यंत्रं चिकटवता? सहाव्या पत्रकाचा मथळा डोक्यात तयार होता.

मामांनी एकेक पट्टी उलट्या पंजानं तपासली. "बिगाड न्हाय," ते म्हणाले. "नुसत्या गरमीवर चालत न्हाय ती. फरक पायजे की! अंग गरम, हवा गार, तवर दिवा. आता हवा बी अंगाएवढी तापली. पट्टीला फरक मिळंना. मग अंगातली गरमी तरी जायाची कुटं?"

मॅडम बघतच राहिल्या. "मामा, अगदी बरोबर. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

मी मथळा गिळला.

मामा एक पट्टी घेऊन थेट मालकांच्या एसी केबिनमध्ये गेले आणि ती त्यांच्या मनगटावर चिकटवली. दिवा झक्क लागला. मालक खूश. "शेट, आता जरा शेडात या की." मालक आले. तीन माग ओलांडेपर्यंत दिवा मंद झाला, चौथ्याला विझला.

"तुमचा बी गेला, शेट," मामा म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, हेच मालकांना जास्त लागलं असावं. कामगार हसू दाबून उभे होते. दुसऱ्या दिवसापासून साडेबारा ते अडीच माग बंद. माझ्या पाच पत्रकांना जमलं नाही ते.

पण सुट्टीत सगळे लिंबाखाली आडवे होत, आणि मामा सायकल काढून गायब. तिसऱ्या दिवशी मला संशय आला. मालकाच्या बंगल्यावर पंखे दुरुस्त करायला जात असतील! चळवळीत असे नमुने मी पाहिलेत. मी मागोमाग गेले.

मामा घरी गेले होते. पत्र्याच्या खोलीत मामी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. पंखा बंद, कारण वाऱ्यानं तंबाखू उडते. त्यांच्या मनगटावर तसलीच एक पट्टी, विझलेली. मामा ओल्या टॉवेलचं टोक त्या पट्टीवर धरून दुसऱ्या टॉवेलनं त्यांच्या पाठीला वारा घालत होते.

मला पाहून ते ओशाळले. "चोरली न्हाय हां. मॅडमला मागून आणली. लगीन झाल्यापास्नं इचारतो, गरम हुतंय का? न्हाई म्हणती. आता दिवाच सांगतो."

तेवढ्यात दिवा लागला. मामांनी मामींच्या मनगटावर उलटा पंजा टेकवला. मग हात पालथा केला, आणि ज्याला काही कळत नाही तो तळहात तसाच ठेवून दिला.

"सोडा की," मामी म्हणाल्या. "पोरगी बगतीया." पण विडी वळायची त्या थांबल्या होत्या.