सोनघाटच्या रेल्वेमार्गांचा संक्षिप्त इतिहास

ज्या गावात रेल्वे येते तिथे लोक गाडीची वाट कशीही पाहतात; ज्या गावात ती येत नाही तिथे वाट शिस्तीने पाहावी लागते. वैनगंगेकाठचं आमचं सोनघाट दुसऱ्या प्रकारात मोडतं. माझे वडील वामनराव यांचा शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. त्या दिवशीही त्यांनी सव्वादहाच्या गाडीसाठी फाटक लावलं, मी स्कूटी बंद करून दांड्यापाशी थांबले, आणि गळ्यातली शिट्टी सावरत ते माझ्याजवळ आले.

"डबा घेतला काय?"

"घेतला."

"थांब मंग जराशी. आज लेट दिसून राह्यली."

गाडी आली नाही. सोनघाटला रूळ नाहीत.

मार्ग मात्र आजवर चार मिळाले. पहिला इंग्रजांच्या काळात, सागवान वाहून नेण्यासाठी. आखणी चालू असताना नदीचं पाणी तंबूत शिरलं आणि नकाशा भिजला (मार्ग 'पूरबाधित' ठरला). दुसरा एका निवडणुकीआधी मंजूर झाला आणि निकालापासून प्रगतिपथावर आहे. तिसऱ्याच्या सर्वेक्षणात खुणेचे दगड पुरले गेले. ते घाटावर धुणं आपटायला इतके सोयीचे निघाले, की सर्वेक्षण दरवर्षी व्हावं असा ठराव बायकांनी एकमताने केला.

चौथा मार्ग सर्वांत यशस्वी, कारण त्याचं फाटक प्रत्यक्षात आलं. फाटकाचा निधी वेगळ्या खात्याचा होता, त्यामुळे त्याला रुळांसाठी थांबता आलं नाही. ते गडचिरोली रस्त्यावर आडवं उभं राहिलं. चालवायला माणूस नव्हता; बाबा शाळेतून निवृत्त झालेले, शिवाय रेल्वे प्रवासी संघाचे अध्यक्ष (सदस्य तीनशेवर, प्रवास शून्य). नियोजित वेळापत्रकाप्रमाणे ते रोज फाटक लावू लागले.

"उद्या गाडी आली आन् लोकाइले थांबताच नाई आलं, त गावाची काय इज्जत राहीन?" असं ते म्हणत.

फाटकाची कामगिरी नोंद घेण्यासारखी आहे. तिथे एकही अपघात झालेला नाही. गाडी एकदाही वेळेआधी आलेली नाही. थांबलेल्या लोकांत ओळखी होऊन काही सोयरिकी जुळल्या, आणि सुपरफास्टला इथे थांबा मिळावा म्हणून एका गटाने उपोषणही केलं (ती थांबली तर बाहेरचे लोक येतील म्हणून दुसऱ्या गटाने समोरच केलं). फाटकाच्या दोन्ही बाजूंना पडीक मैदान आहे. ट्रकसुद्धा आरामात वळसा घेऊन जाईल. कोणी जात नाही. रुळांशिवायच्या फाटकाचा अभ्यास करायला नागपूरहून एक गृहस्थ आले होते, तेही थांबले, आणि कोणती गाडी आहे म्हणून त्यांनी शेजारच्याला विचारलं.

बुधवारी सकाळी बाबांच्या हातात चहाचा कप राहीना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शेजारच्या रफीकभाईंनी त्यांना जीपमध्ये घातलं, आणि आम्ही गडचिरोलीच्या दवाखान्याकडे निघालो. फाटक लागलेलं होतं. बाबा आले नाहीत हे पाहून त्यांचे बदली लटारूभाऊ वेळेवर हजर झाले होते. त्यांनी जीपमध्ये डोकावून बाबांना नमस्कार केला. दांडा उचलला नाही. आमच्या मागे रांग लागत गेली.

"बाजूनं काढू काय, काका?" रफीकभाईंनी विचारलं.

बाबांची जीभ जड झाली होती. "नाई," ते म्हणाले. "लोक पाहून राह्यले."

मी लटारूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ठरलेला वेळ गाडी आली नाही, आणि मग दांडा वर गेला.

"बरोबर," बाबा म्हणाले. हा त्यांचा शेवटचा शब्द. तो लटारूभाऊंच्या कामाबद्दल होता.

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. उशीर कशाने झाला? मी म्हणाले, फाटक लागलं होतं. त्यांनी समजून मान हलवली. हे कारण देशभर चालतं.

शोकसभा फाटकावरच ठेवली होती. येणाऱ्या पहिल्या गाडीला वामनरावांचं नाव द्यावं, असा ठराव झाला (विरोधी गटाने दुसऱ्या गाडीसाठी नाव राखून ठेवलं). मग सरपंच इंदुताई मला म्हणाल्या, "बाई, तुमीबी दोन शब्द बोला."

आमच्या घरात जे कोणी कधी बोललं नव्हतं, ते मी बोलले.

"गाडी येत नाई. रूळच नाई आहेत. बाबालेही मालूम होतं."

कोणी दचकलं नाही. एक म्हातारी तेवढी खोकली.

"थे त साऱ्याइलेच मालूम आहे, बाई," लटारूभाऊ म्हणाले.

"मंग त्या दिवशी थांबले काऊन सारे?"

"समोर तुमची जीप होती ना." ते अगदी हळू बोलत होते. "तुमचा पेशंट, तुमच्या बाबाचं फाटक. तुमी बाजूनं काढली असती, त अडवलं असतं काय कोनी? तुमी थांबले, म्हनून आमी थांबलो."

बोलण्यात सव्वादहा झाले. लटारूभाऊ उठले, बाबांची शिट्टी त्यांनी गळ्यात घातली आणि दांडा खाली घेतला. सभेला आलेल्या गाड्या परतीला निघाल्या होत्या, त्या एकामागे एक उभ्या राहिल्या. दोन्हीकडे मैदान मोकळं होतं.

"बाजूनं चला," मी मोठ्याने म्हणाले.

कोणी निघतंय का म्हणून प्रत्येकाने पुढच्याकडे पाहिलं. रांगेत बाहेरगावच्याही बऱ्याच गाड्या होत्या. त्यांतली तुमची कितवी, हे धुळीमुळे मला नीट दिसलं नाही.