तीन टेकड्यांचे एकमत

एका जंगलात, मुलांनो, तीन टेकड्या होत्या. तिन्हींची डोकी सदा ढगांत. प्रत्येकीच्या पायथ्याशी एक ओढा. त्यातल्या एका ओढ्यात रोग शिरला होता. कोणत्या, ते कळेना.

कवडी नावाच्या चितळिणीचे पाडस तिन्ही ओढ्यांवर हिंडले आणि ते पाणी प्यायले. त्याला मागचे पाय उचलेनात. चांगला ओढा कोणता, एवढेच कवडीला हवे होते.

विद्वान धावून आले. पहिल्या टेकडीच्या गुहेत साळिंदर, दुसरीत अस्वल, तिसरीत वानर. तिन्ही ओढ्यांचे पाणी वाळक्या भोपळ्यांत भरून गवे ते गुहेगुहेत फिरवणार. तिघांचे उत्तर एक आले, की निकाल.

उद्घाटनाला जंगलाचा बातमीदार हजर होता. कावळा. म्हणजे मीच. तीस पावसाळे मी सत्तेला चोच मारतो आहे, असे मी सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी विद्वानांनी वाटलेली जांभळे मात्र फार गोड होती. मी बातमी दिली : ‘ढगांतून येणार उत्तर!’

उत्तर आले नाही.

“आमचा ओढा चांगला,” साळिंदर म्हणाले.

“आमचाही,” अस्वल म्हणाले.

“मग काय आमचा वाईट?” वानर खवळले. “पुन्हा पाठवा भोपळे!”

गवे पुन्हा निघाले. कवडी अस्वलाकडे गेली.

“अस्वलदादा, पाणी एवढं वर कशाला चढवता? तुम्हीच नाक घेऊन खाली या की!”

“बाई, आमचं नाक गुहेत बसवलेलं आहे. पाणी नाकाकडे येतं. नाक पाण्याकडे जात नाही.”

तपासून उरलेले पाणी कुठे टाकायचे? नियम होता : पायथ्याच्या ओढ्यात. भोपळेही तिथेच विसळायचे. मी हे उडताना पाहिले. एकदा नाही, तीनदा.

“कावळेभाऊ, तुम्हाला वरून सगळं दिसतं,” कवडी म्हणाली. “काय चाललंय हे?”

“वहिनी, अस्वलांची बाजू आल्याशिवाय मी काही छापत नाही.”

बाजू घ्यायला मी गेलो. अस्वल मध खात होते. मी थांबलो. मग थोडा मीही चाखला.

सातव्या फेरीला तिन्ही गुहांचे उत्तर एक आले. तिन्ही ओढे रोगट!

“आकडा न् आकडा जुळला!” वानर ओरडले. विद्वानांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. साळिंदराने मारलेली अजून दुखते, असे अस्वल म्हणते. मी मथळा दिला : ‘तिन्ही टेकड्यांचे ऐतिहासिक एकमत’.

कवडी पाडसाला ढुशा देत देत जंगल सोडून चालली होती. तीन दिवसांच्या वाटेवर एक तळे होते, असे तिने ऐकले होते. वाटेवर माझी सावली पाहून ती थांबली.

“आता तरी लिहाल का, भाऊ?”

“लिहिलं की,” मी म्हणालो. “पहिल्याच पानावर.”

तात्पर्य : मुलांनो, नेहमी मिळूनच काम करावे. एकट्याचे चुकले, तर त्याला चूक म्हणतात. सगळ्यांचे मिळून चुकले, तर त्याला निष्कर्ष म्हणतात. आणि पाहणाऱ्याने मधाने भरलेली चोच उघडू नये. मध सांडतो.